काठी चुकलेली पुतळी

"सायबांनू, मी सांगतंय त्यावर कोणाचो विश्वास बसूचो नाय," दाजी तांडेल म्हणाले आणि लगेच शुद्ध मराठीवर आले, कारण समोर सरकार बसलं होतं. "म्हणजे, बसणार नाही. माझा स्वतःचासुद्धा अजून बसलेला नाही."

पितळेच्या ताटलीत सोन्याची पुतळी पडली होती, बायका माळेत ओवतात तसलं जुनं नाणं. कणकवलीहून आलेल्या अबकारी साहेबांनी ती आत्ताच दाजींच्या चंचीतून, तंबाखू झटकून बाहेर काढली होती. त्रेसष्टचा शिमगा तोंडावर आला होता आणि सोन्याच्या नव्या कायद्याची धास्ती साऱ्या मालवणाने घेतली होती. दागिना असेल तर खुशाल घरात ठेवा. नाणं असेल तर सरकारला लिहून द्या. लिहून द्यायची मुदत कधीच उलटली होती.

"कडी असती तर दागिना म्हटला असता आणि मी चहा पिऊन गेलो असतो," साहेब म्हणाले. "हे नाणं आहे. शनिवारी बाजारातल्या हॉटेलात तुम्हीच छाती ठोकून सांगितलंत, असली पुतळी अख्ख्या कोकणात एकच, आणि ती माझ्याकडे आहे."

दाजींच्या पाठीवरून घामाचा एक थेंब निघाला आणि मणक्यामणक्यावर थांबत खाली गेला. वादळात डोलकाठी मोडली तेव्हाही हा माणूस असा घामेजला नव्हता.

कारण कडी होती. दिवाळीपर्यंत होती. पुतळी होती सून सुभद्राच्या माळेतली, आणि माळ होती तिच्या मेलेल्या आईची. नव्याने गाठवायला म्हणून सुभद्राने ती विश्वासाने सासऱ्याच्या हाती दिली. सासरा कसला, नाण्यांचं भूत लागलेला माणूस! तीस वर्षं गलबतावर काढली ती बंदरोबंदरी तांब्याची नाणी हुंगत. एकच नाणं दहादा घ्यायचा, कारण दहांचे ठसे वेगळे. माळ उन्हात धरली आणि हा एकेक पुतळी डोळ्याजवळ नेऊन बघायला लागला. सगळ्या पुतळ्यांवर साधू आणि गुडघ्यावर बसलेला राजा यांच्या मधोमध झेंड्याची काठी. या एकीवर काठी राजाच्या पाठीमागे! कडी लावलेल्या नाण्याकडे जाणकार ढुंकूनही बघत नाहीत, म्हणून दाजींनी सोनाराकडून ती काढवली, तिथे कानस फिरवली, आणि माळेत तिच्या जागी मुलाम्याची पितळी पुतळी ओवून दिली.

आता खरं सांगितलं तर दागिन्यातली पुतळी म्हणून साहेब सोडतील. पण दाराआड सुभद्रा उभी होती. बांगड्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे ती ऐकत होती. मुलगा वर्षाचे दहा महिने आगबोटीवर. तिने बोचकं बांधून माहेरी धामापूरची वाट धरली, तर या घरात दाजी आणि पाल, दोघंच उरणार.

"शनिवारी मी थाप मारली," दाजी म्हणाले. "सगळ्या गावाला विचारा, शनिवारी मी थापाच मारतो. पण ही थाप देवानं ऐकली! आज पहाटे घोळ मासा आणला, हा एवढा, दारातून आडवा आत येईना. पोट फाडलं, तर आत ही! आजच मिळाली, तर लिहून कधी देणार, साहेब?"

साहेबांनी कागदावर 'घोळ' एवढंच लिहिलं आणि शेजारी बघितलं. शेजारी त्यांनी पारखायला आणलेले वेंगुर्ल्याचे हाफिज मुकादम बसले होते. जुन्या नाण्यांची अशी नजर त्या पट्ट्यात दुसऱ्या कोणाची नव्हती. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं.

हाफिजभाईंनी पुतळी नखावर वाजवली, पालथी केली, पुन्हा सुलटी केली. दाजींना वाटलं, नाणं नव्हे, आपलं काळीजच बोटांत फिरवतायत.

"हातान कोरलेलो ठसो," हाफिजभाई हळूच म्हणाले. "कोरणाऱ्याक अक्षरां वाचूक येय नाय होती, नुसतीच उभी टोकां मारल्यान. काठी चुकली ती चुकलीच. आणि पाठीमागल्या बाजूची ही रेघ बगा, उभ्या देवाच्या खांद्यावरसून गेलेली. ठशाक चीर पडली, चिरेत सोनां शिरलां, म्हणान ही वर उठली. ओतलेल्या नाण्यावर रेघ अशी धारदार येवची नाय. दाजी, खरी आसा रे! असलो ठसो मी जन्मात बगूक नाय!"

आयुष्यभर ज्या वाक्याची वाट पाहिली, ते आलं आणि दाजींना हसताही येईना. नाणं जितकं खरं, तितका तुरुंग जवळ.

"पण कडेक एक जागा लय चकचकीत कशी?" हाफिजभाईंचं भिंग थांबलं.

"घोळीच्या पोटात, हाफिजभाई, काय विचारता! आत खडे होते, शंख होते. वर्षानुवर्षं घासलं असेल."

"एकाच जागी?"

"मासा एका कुशीवर निजणारा असेल," दाजी म्हणाले, आणि आपल्याच आवाजाची त्यांना भीती वाटली.

साहेब उठले. "नाणं जप्त. तुम्ही आत्ता माझ्याबरोबर कणकवलीला चला. मासा, कुशी, सगळं तिथे जबाबात सांगा. मात्र शपथेवर सांगावं लागेल."

दाजींनी ताटलीतल्या पुतळीकडे एकदा बघून घेतलं. तुरुंगात निदान भाकरी कोणीतरी थापून देतं, असा एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला. त्यांनी डोळे मिटले आणि जागीच हात वर केला.

"भगवतीची शपथ घेऊन सांगतो, ही पुतळी मला घोळीच्या पोटातून..."

दार धाडकन उघडलं. सुभद्राने गळ्यातली माळ काढून ताटलीत आपटली, दोन पुतळ्या उलटवल्या, आणि दोन्हींच्या पाठीवर देवाच्या खांद्यावरून तीच रेघ गेलेली साहेबांनाही भिंगाशिवाय दिसली. तिसरी पुतळी तिने चिमटीत धरून सासऱ्याच्या नाकासमोर नेली. ती हिरवी पडली होती.

"खोटां बोलतास, मामांनू! देवीच्या नावान साफ खोटां! ही माझ्या आवशीच्या माळेतली, तुमीच काढलास! आणि हेच्यान माझो गळो हिरवो पडता म्हणान तीन म्हयने मी त्या सोनाराक गाळी घालतंय!"