हलणारा दात आणि पहिली खुर्ची

बँडमध्ये पहिल्या खुर्चीवर, म्हणजे मुख्य वादकाच्या जागी, बसणाऱ्या क्लॅरिनेटवाल्याचा वरचा पुढचा दात हलू लागला, तेव्हा त्याने ते कोणालाच सांगितलं नाही. क्लॅरिनेटचा माउथपीस, म्हणजे तोंडात धरून फुंकायचं टोक, वरच्या दातांवर टेकतो. दात हलला की सूरही हलतो. आणि बागेतल्या येत्या कार्यक्रमात एकट्याने वाजवायचा तुकडा त्याच्याकडेच होता.

त्या बँडमधल्या फुंकणाऱ्यांची एक रीत होती. वाजवायच्या दिवशी दातांना ब्रश लावायचा नाही. ब्रशने हिरड्या सैल होतात, असं मास्तर प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगत. त्यांना ते त्यांच्या मास्तरांनी सांगितलं होतं. बँड जवळजवळ रोजच वाजायचा, त्यामुळे सगळ्यांचे ब्रश बहुतेक वेळा कोरडेच असत. कधी चुकून ब्रश केलाच तर रक्त यायचं, आणि मास्तर म्हणतात ते खरं, असं जो तो समजायचा.

बायकोला कळलं ते जेवताना. तो घास एका बाजूने चावत होता.

"पुढच्या दातांनी उपास धरलाय का?" तिने विचारलं.

"थोडा हलतोय. दुखत नाही गं."

"दुखलं की मगच जायचं, असं कोण म्हणालं? घराचं छप्पर डोक्यात पडेपर्यंत थांबता का?"

तिसरीतली मुलगी मध्येच म्हणाली, "बाबा, माझापण हलतोय. त्याच्या जागी नवा येणार आहे. तुमच्या दाताच्या जागी?"

"माझ्या दाताच्या जागी नाही येत."

"मग क्लॅरिनेट कोण वाजवणार?"

दुसऱ्या दिवशी तो दातांच्या डॉक्टरबाईंकडे गेला.

बाईंनी त्याच्या हातात आरसा दिला आणि हिरडीजवळचा पिवळा, टणक थर दाखवला. "हे कीटण. याच्याखाली हिरडी सुजली आहे आणि आतलं हाड झिजतंय. म्हणून दात हलतो."

"पण बाई, त्या थरानेच तर दात धरून ठेवलाय."

"वाळवीने दाराची चौकट धरून ठेवली, असं म्हणता का?"

"ब्रश लावला की रक्त येतं, म्हणून..."

"ब्रश लावत नाही म्हणून हिरडी सुजते. सुजली म्हणून रक्त येतं. रक्त येतं म्हणून तुम्ही ब्रश लावत नाही. घाण्याच्या बैलासारखे फिरताय तुम्ही." मग त्या थोड्या हळू बोलल्या. "एक आधीच सांगते. साफ केल्यावर दात आणखी हलल्यासारखा वाटेल. हिरडी आवळायला काही आठवडे लागतात."

"कार्यक्रम महिन्याभरावर आलाय. तोवर थांबलो तर?"

"कार्यक्रम कदाचित निभावेल. दाताचं मी सांगू शकत नाही."

त्याने खुर्चीत मान मागे टेकली. मग त्याने तोंड उघडलं.

बाई म्हणाल्या तसंच झालं. पुढच्या तालमीत वरचा सूर फाटला. मास्तरांनी हातातली काठी खाली ठेवली आणि त्याच्या स्वच्छ दातांकडे पाहिलं. "घासूनपुसून आलास ना? भोग आता." आणि एकट्याने वाजवायचा तुकडा त्यांनी शेजारच्या खुर्चीवरच्या पोराला दिला. त्या पोराला सगळे धाकटा म्हणत. धाकट्याला इतका संकोच वाटला की त्याने मान वरच केली नाही.

घरी क्लॅरिनेटवाला मऊ ब्रशने सकाळ-संध्याकाळ दात घासू लागला. पहिल्यांदा बेसिन लाल झालं तेव्हा त्याने ब्रश ठेवूनच दिला होता. बायको दारात उभी होती. "घासा," ती म्हणाली, "मी बघत नाही." हळूहळू लाल रंग फिका झाला आणि मग दिसेनासा झाला.

पुन्हा दाखवायला गेला तेव्हा बाईंनी दात बोटाने ढकलून पाहिला. "राहील हा. पण झिजलेलं हाड भरून यायचं नाही, याच्यावर भार टाकू नका. माउथपीस दातावरच टेकवावा लागतो का?"

हा प्रश्न डोक्यात घोळवतच तो घरी आला. मग त्याने वरचा ओठ दातांवर दुमडून घेतला आणि माउथपीस ओठावर टेकवला. पहिल्या दिवशी मांजर ओरडल्यासारखा आवाज आला. मुलगी उशीत तोंड घालून हसली. ओठ सुजला, बरा झाला, पुन्हा सुजला.

कार्यक्रमात तो दुसऱ्या खुर्चीवर बसला. धाकट्याने तो तुकडा चांगला वाजवला, आणि लोक टाळ्या वाजवत असताना यानेही क्लॅरिनेट मांडीवर ठेवून वाजवल्या.

सामान आवरताना मास्तर जवळ आले. "तो तुकडा वाजव बघू."

त्याने ओठ दुमडला आणि वाजवला. वरचा सूर फाटला नाही.

"आवाज बारीक झालाय," मास्तर म्हणाले.

"झालाय."

"पहिली खुर्ची आता धाकट्याचीच राहील."

"राहू द्या. मी याच खुर्चीवर बसेन. पण मास्तर, उद्यापासून मी ब्रश करून येणार, वाजवायच्या दिवशीसुद्धा. आणि का, ते दातांच्या डॉक्टरबाईंनी मला सांगितलंय; पोरांनी विचारलं तर त्यांनाही सांगणार."

नकळत मास्तरांची जीभ आपल्याच एका दातावरून फिरली.

"त्या बाई बसतात कुठे?" त्यांनी विचारलं.