नवशिकीचा स्वेटर

धाकटीने सुईवरचा एक टाका मुद्दाम सोडला, तो दोन ओळी खाली ओघळू दिला आणि विणकाम काउंटरवर पसरून फोटो काढला. मग खणातल्या जुन्या फोनवरून ग्रुपवर लिहिलं : ‘मी नवीन आहे. हे भोक कसं पडलं? आता सगळं उसवावं लागेल का?’ पाठवणारीचं नाव तिने ठेवलं होतं नवशिकी.

“फोटो कसले काढत बसलीस? लोकरीचे गुंडे लाव आधी,” शिडीवरून थोरली म्हणाली.

“लावते गं ताई.”

लोकरीचं दुकान या दोघी बहिणींचं. थोरलीच्या हातात विणकाम होतं आणि धाकटीच्या तोंडात साखर, म्हणून वडिलांच्या माघारी थोरलीने मालाचं बघायचं आणि धाकटीने गिऱ्हाइकांचं, अशी वाटणी आपोआप झाली होती. हल्ली गिऱ्हाईक पायरी चढेना, घरबसल्या मागवू लागलं, तेव्हा धाकटीने हा ग्रुप काढला. दुकानात येईल त्याला तिने गोडीगुलाबीने त्यात ओढलं. दोनशेवर बायका जमल्या, दोन-तीन पुरुषही आले, आणि सगळे ढिम्म बसून राहिले. ती रोज सकाळी नव्या रंगांचे फोटो टाकायची, खाली चार अंगठे उमटायचे की पुन्हा चिडीचूप. थोरलीने सांगूनच टाकलं होतं, हा हंगाम बघू, नाहीतर दुकान आवरून जागा भाड्याने देऊ. धाकटीला दुकानाशिवाय दुसरं काही येत नव्हतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशातली गोष्ट म्हणजे तिला विणकामही येत नव्हतं. सुलट-उलट टाक्यापुढे तिची मजल कधी गेली नव्हती.

नवशिकीच्या त्या भोकाने मात्र ग्रुपला वाचा फुटली. ‘उसवू नकोस गं!’ म्हणत पाच-सहा जणी एकदम धावून आल्या. एकीने सुटलेला टाका वर कसा ओढायचा ते सांगितलं, दुसरीने त्यात चूक काढली, तिसरीने दोघींची समजूत घातली. माणसाला दुसऱ्याचं कौतुक करायचा कंटाळा येतो, चूक दुरुस्त करायचा येत नाही, हे धाकटीला त्या दुपारी उमगलं. सगळ्यांत नीट उत्तर आलं मेट्रनबाईंचं. या निवृत्त परिचारिका. ग्रुपवरही त्यांनी हेच नाव ठेवलं होतं. त्यांनी लिहिलेलं वाचलं की टाका डोळ्यांपुढे उभा राहायचा.

नवशिकीला पुढचे प्रश्न पडायला हवेत, म्हणून धाकटीला पुढचं विणणं भाग पडलं. थोरलीला विचारायची सोय नव्हती. ‘जन्म गेला लोकरीत आणि अजून...’ इथूनच सुरुवात झाली असती. मग मागच्या खोलीत बसून ती ग्रुपवरची उत्तरं वाचायची आणि तसं करून बघायची. पहिली चूक तिने मुद्दाम केली होती. पुढे मुद्दाम चुकायची गरजच पडेना. पाठ झाली, पुढचा भाग झाला, बाह्याही रडतखडत झाल्या, आणि स्वेटर गळ्यापाशी येऊन अडला.

इकडे दुकानात वर्दळ दिसू लागली. ‘नवशिकीची ती राखाडी लोकर दाखवा’ म्हणत बायका यायच्या आणि काउंटरला रेलून एकमेकींची ओळख काढत बसायच्या. थोरलीने भाड्याचा विषय सोडून दिला. तेवढ्यात एकीने ग्रुपवर टूम काढली : ‘शनिवारी सगळे दुकानात जमू या. नवशिकीने स्वेटर घालून यायचं!’ खाली होकारांची रांग लागली. धाकटीने जुना फोन खणात लोटून दिला.

शनिवारच्या आधीच एका दुपारी मेट्रनबाई दुकानात आल्या. त्यांनी एक कापडी गुंडाळी काउंटरवर ठेवली. आत वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या सुया होत्या.

“नवशिकीसाठी आणल्यात. शनिवारी गर्दीत राहून जाईल.”

“मी... मी पोचवते तिला.”

“पोचवायच्या कशाला? तूच घे की.”

धाकटीने थोरलीकडे पाहिलं, मग फरशीकडे.

“कसं कळलं तुम्हाला?”

“फोटोत ही मोजपट्टी येते.” मेट्रनबाईंनी काउंटरच्या कडेला ठोकलेल्या पितळी पट्टीवर बोट ठेवलं. “पहिल्याच फोटोत होती.”

“मग इतके दिवस उत्तरं का देत राहिलात?”

“नाव खोटं होतं, चुका खऱ्या होत्या. मुद्दाम चुकणारी बाई एकाच जागी तीनदा चुकत नाही.” त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बोटं सांध्यांत सुजून वाकडी झाली होती. “यांना आता सुई धरवत नाही. एक ओळ लिहायलासुद्धा वेळ लागतो. पण तू विचारायचीस, मग मी मनातल्या मनात विणून बघायचे. बरं वाटायचं गं.”

जाताना दारात थांबून त्या म्हणाल्या, “बाकीच्यांच्या नजरेत पट्टी आलेली नाही. काय करायचं ते तू ठरव.”

त्या रस्त्याला लागल्यावर थोरली म्हणाली, “पाठव तिला परगावी. नवऱ्याची बदली झाली म्हणावं.”

“कुणाच्या?”

“त्या तुझ्या नवशिकीच्या! कधी नव्हे ते बस्तान बसलंय. एवढ्यासाठी मोडू नकोस.”

थोरलीचं काही चुकत नव्हतं. आपल्याला वेड्यात काढलं असं लोकांना वाटलं, तर पुन्हा रिकामं दुकान आणि पुन्हा भाड्याचं बोलणं. धाकटीने जुन्या फोनवर बदलीचा निरोप लिहिलासुद्धा. पण ‘सांभाळून जा गं’ असं कोण कोण लिहील, हे तिला आता एकेकीच्या आवाजासकट ठाऊक होतं. तिला स्वतःची फार शरम वाटली. तिने निरोप पुसला, आपला रोजचा फोन घेतला आणि वेड्यावाकड्या गळ्याचा फोटो काढला. मोजपट्टी चांगली दिसेल असा.

‘नवशिकी म्हणजे मीच,’ तिने लिहिलं. ‘लोकर विकते, पण विणता येत नव्हतं, आणि ते सांगायची लाज वाटत होती. तुमच्याशी खोटं बोलले, माफ करा. गळा अजून जमत नाहीये.’

ग्रुपमधून एक बाहेर पडली. मग दुसरी. मग एकदम तिघी. ‘आमच्या वेळेची हीच किंमत का?’ असं एकीने लिहिलं. त्यानंतर ग्रुप पार गार पडला. थोरली खोकी आवरत राहिली.

बऱ्याच वेळाने फोन वाजला. ग्रुपवर आजवर एक अक्षरही न लिहिलेल्या कुणा बाईने फोटो टाकला होता. त्यातल्या गळ्यातून डोकं सोडाच, मूठही गेली नसती. ‘माझाही असाच होतो,’ खाली लिहिलं होतं. ‘पहिल्यापासून नुसती वाचतेय. सगळ्यांना येतं असं वाटायचं, म्हणून विचारलं नाही.’ पाठोपाठ एका पुरुषाने नुसतं ‘माझाही’ लिहिलं, आणि खाली अर्ध्या टोपीचा फोटो जोडला. टोपीला गळा नसतो हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगायचं!

धाकटीचा अंगठा सवयीने बदामाच्या खुणेकडे वळला, पण तिने तो आवरला. फोनच्या वरच्या कडेला अक्षरं उमटली होती : मेट्रनबाई टाइप करत आहेत. ती नाहीशी झाली आणि पुन्हा उमटली. थोरली हातातलं खोकं तसंच धरून तिच्या खांद्यामागे येऊन उभी राहिली.

“अहो, जाड सुया आहेत का?” दारातून एका गिऱ्हाइकाने विचारलं.

“आहेत, पण जरा थांबाल का?” धाकटी मान वर न करता म्हणाली. “आमच्या बाई लिहितायत.”