पेटीतला ताणकाटा

मित्रांनो, जुना म्हणून मला बघून नाक मुरडू नका. मी सेनगाव तालुक्यातल्या एका गावाचा ताणकाटा आहे. खालच्या आकड्याला पोतं अडकवलं की माझा काटा थरथरतो आणि खरं वजन दाखवतो. स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही!

सरकारी कामावर लोकांनी लक्ष ठेवावं, लाचलुचपतीला आळा बसावा, म्हणून परदेशातल्या एका संस्थेने गावाला मदत दिली. त्या मदतीतून मी कारखान्यातून इथे आलो. रेशनचं धान्य प्रत्येकाने दुकानाबाहेर पुन्हा तोलून घ्यायचं, असं ठरलं. मला दक्षता समितीच्या पंचफुलाबाईंकडे सोपवलं. संस्थेचे साहेब आले की मला हार घालत, माझे फोटो काढत. मी अगदी फुगून गेलो होतो.

पुढे मदत बंद झाली. साहेबांची जीप यायची थांबली. पंचफुलाबाईंनी मला पुसून, धडप्यात गुंडाळून पेटीत ठेवलं. "साहेब तपासायला आले तं काटा कोरा दिसला पाहिजे," म्हणायच्या. अहो, काय हे प्रेम! दुकानदार उकंडराव पुन्हा कमी तोलू लागला. शेजारणी येऊन गाऱ्हाणी सांगत आणि मी आत नुसता तळमळत असे.

एका सकाळी शेजारच्या पद्माबाई आल्या. "बाई, लेकरायला धान्य पुरून न्हाई राहिलं. काटा काढा."

"अन् ओरखडा पडला तं साहेबायला काय दाखवू?"

"साहेब गेले वं माय. उकंडराव हितंच हाय!"

पंचफुलाबाईंनी उठून पेटी उघडली.

दुकानासमोरच्या कडुलिंबाला मला टांगलं. पद्माबाईंचं वीस किलोचं पोतं लावलं, तर काटा सतराच्या पुढे सरकेना.

"प्रोजेक्ट संपला, आता ह्यो काटा चालत न्हाई," उकंडराव गुरकावला.

"काहून? आमची भूक बी संपली का?" पद्माबाई कडाडल्या. "भरा बराबर!"

रांगेतली एकही बाई जागची हलली नाही. उकंडरावाने मुकाट्याने धान्य ओतलं. त्या ओढाताणीत मी खोडावर आपटलो आणि मला चांगलाच ओरखडा पडला. पंचफुलाबाईंनी तो पाहिला, त्यावरून बोट फिरवलं आणि हाक दिली, "आणा, पुढचं पोतं आणा!"

मित्रांनो, वस्तू जपाव्यात हे खरंच. पण मला इतकं जपू नका. धान्य घेतलं की घराकडे वळण्याआधी मला टांगा. पेटीत मी कोरा राहिलो खरा, पण तेवढे दिवस पद्माबाईंची लेकरं अर्धपोटी निजली.