सरांचे प्रत्यय

थोरलीच्या वडिलांना सगळं गाव सर म्हणायचं, त्यात नवल नाही. पण घरातलीसुद्धा सरच म्हणायची. थोरली आणि धाकटा दोघंही त्यांच्याच वर्गात शिकले, आणि वर्गात चुकून ‘बाबा’ निघालं की बाकावर उभं राहावं लागे. मग घरी आल्यावर जिभेला वेगळं वळण कोण लावणार? आई होती तोवर तीही ‘सर जेवायचे थांबलेत’ असंच म्हणायची.

पोरं पाठीमागे त्यांना ‘प्रत्यय सर’ म्हणत. इंग्रजी शब्दाला पुढून उपसर्ग नाहीतर मागून प्रत्यय जोडून विशेषण कसं होतं, हे त्यांचं लाडकं प्रकरण. ‘यूज’ला ‘फुल’ लावा, कामाचं. ‘लेस’ लावा, बिनकामाचं. ‘हॅपी’च्या पुढे ‘अन’ लावा, झालं तोंड आंबट. शब्दाचं शेपूट बदललं की प्राणी बदलतो, असं म्हणत ते फळ्यावर खडू आपटायचे. ज्याचं चुके त्याच्या कानाला प्रत्ययाचा चांगलाच प्रत्यय येई, आणि उपसर्गाचा उपसर्ग घरी आईबापापर्यंत पोचे.

अशा माणसाचं बोलणंच जावं, याला काय म्हणायचं? गेल्या वर्षी मेंदूत रक्ताची गाठ अडकली, उजवं अंग लुळं पडलं, आणि जन्मभर दुसऱ्यांचे शब्द तपासणाऱ्या तोंडात एक धड शब्द उरला नाही. समजत मात्र सगळं होतं. डोळे पूर्वीचेच, चूक शोधणारे. पाणी हवं असलं की ‘आ, आ’ करत भिंतीकडे बोट दाखवायचे. थोरली चादर आणायची, खिडकी लावायची, पंखा बंद करायची, आणि सर डाव्या हाताने गादी बडवायचे. दोघंही रडकुंडीला यायची.

बोलण्याचे व्यायाम शिकवायला एक बाई येत. त्या म्हणाल्या होत्या, माणसाने आयुष्यभर जे घोकलेलं असतं ते कधीकधी तळाशी शिल्लक राहतं, खरवडून बघा. थोरलीने ते फारसं मनावर घेतलं नव्हतं. मग एकदा सरांची दाढी करताना तिच्या हातून पातं लागलं. लहानपणी सर तिला जे ओरडायचे तेच ती स्वतःला ओरडायला गेली, पण ‘केअर’ म्हणून थांबली, कारण गालावर रक्त आलं होतं. तेवढ्यात साबणाच्या फेसातून स्वच्छ आवाज आला, ‘लेस.’

वर्षभरात सरांच्या तोंडून आलेला पहिला शब्द, तोही अर्धा, आणि तोही लेकीला बेपर्वा म्हणणारा. थोरली जमिनीवर बसून आधी हसली आणि मग पोटभर रडली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी वर्ग भरू लागला. शब्द तिने द्यायचा, शेपूट त्यांनी. ‘पेन’ला, म्हणजे दुखण्याला, ‘फुल’, ‘डेंजर’ला ‘अस’. ‘होप’ला कधी ‘फुल’ यायचं, कधी ‘लेस’; ते दिवस कसा गेला त्यावर. उत्तर जमलं की तिने मोठ्याने ‘बरोबर’ म्हणायचं, ती म्हणायची विसरली तर सर तिच्या तोंडाकडे बघत बसत. चुकलं की स्वतःच मान हलवून पुन्हा सुरुवात करत. दुसऱ्याची चूक त्यांनी कधी पोटात घातली नाही, तशी स्वतःचीही नाही.

पण विशेषणांनी अंग पुसून होत नाही. थोरलीचं लग्नाचं राहूनच गेलं होतं, आणि घरात तिसरं माणूस नव्हतं. उजाडायच्या आत उठायचं, सरांची कूस बदलायची, पुसायचं, भरवायचं, गोळ्या कुटून द्यायच्या आणि शेजारच्या काकूंच्या हवाली करून कामावर पळायचं. ती चष्म्याच्या दुकानात होती, मागच्या खोलीत. गोल भिंग चाकावर घासून फ्रेमच्या मापाला आणायचं, वरून पाणी सोडत राहायचं, हात इकडचा तिकडे झाला की कडेचा टवका उडालाच म्हणून समजा. तिच्या हाताखालून गेलेल्या भिंगाला कधी कुणी नाव ठेवलं नव्हतं. आता टवके उडायला लागले. एकदा तर डाव्या डोळ्याचं भिंग उजवीकडे बसलं, आणि गिऱ्हाईक पायरीवर अडखळून तसंच परत आलं. मालक भला माणूस, ओरडला नाही. म्हणाला, बाई, कुठेतरी झोप काढा, नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल. थोरलीला रडू आलं नाही. रडायलाही अंगात त्राण लागतं.

म्हणून तिने ठरवलं. धाकटा रविवारी बायकोला घेऊन येणार होता. त्याला सांगायचं, काही महिने सरांना तुझ्याकडे ने. त्याचं घर दुसऱ्या शहरात, खोल्या मोकळ्या, नवराबायको दोघं कमावती. मागणं काही जगावेगळं नव्हतं. पण थोरलीने आजवर कुणाकडे चिमूटभर मीठसुद्धा मागितलं नव्हतं, आणि ज्याला मागायची सवय नाही त्याला तोंड उघडणं म्हणजे दगड गिळणं. शिवाय सरांना हे घर सोडायचं नव्हतं. त्यांच्या पलंगावरून शाळेचं फाटक दिसायचं, घंटा झाली की मान तिकडे वळायची. दवाखान्यात ठेवलं तेव्हा घरी आणेपर्यंत त्यांनी घास गिळला नव्हता. नेलं तर सरांचे हाल, नाही नेलं तर तिचे. इकडे आड, तिकडे विहीर, आणि काठावर ही एकटी.

रविवारी धाकटा फळांच्या पिशव्या घेऊन आला आणि आल्या आल्या तिचं कौतुक करायला लागला. ताईसारखं कुणी करणार नाही. ऑफिसात मी सगळ्यांना सांगतो. भावजयही म्हणाली, ताई, तुम्ही आहात म्हणून आम्हाला निवांत झोप लागते. मग हळूच निघालं की धाकट्याला बढती मिळतेय, दिवसभर घरात कुणी नसणार, आणि सरांना तिकडे करमायचंही नाही. आपली स्तुती लांबत चालली की समजावं, पाठीवर आणखी एक पोतं येतंय. थोरली मान खाली घालून कप विसळत राहिली. जीभ टाळूला चिकटली ती सुटेना, आणि स्वतःचाच तिला संताप आला.

संध्याकाळी वर्ग भरला तेव्हा धाकटा म्हणाला, आज मी विचारतो. तो स्टूल ओढून बसला. दोनचार शब्द झाले, सरांनी शेपटं लावली, धाकट्याने टाळ्या वाजवल्या. मग त्याला भरून आलं.

‘सर, आता ताईसाठी एक. टायर...’

भावजयीने विचारलं, टायर म्हणजे चाकाचं का? धाकट्याने तिला समजावलं की टायर म्हणजे थकणं, आणि टायरलेस म्हणजे आपली ताई, न थकणारी. प्रश्न विचारून उत्तरही त्यानेच फोडलं.

सरांनी थोरलीकडे बघितलं. ती भिंतीला टेकून उभी होती, डोळे अर्धे मिटलेले. ते बराच वेळ तिच्याकडेच बघत राहिले.

‘सम,’ ते म्हणाले. टायरसम, म्हणजे वैताग आणणारी. धाकटा हसला. थोरलीच्या काळजाला चटका बसला. पण सर स्वतःच मान हलवत होते, चुकलं, पुन्हा.

धाकट्याने ‘लेस, सर, लेस’ असं पुरवलं. सरांनी गादीवर हात आपटला. उत्तर पुरवणाऱ्या पोराकडे ते वर्गात बघत तसंच आता बघितलं. मग पुन्हा खटपट सुरू झाली. ओठ वाकडे झाले, जीभ दातांमागे जाऊन अडली, कपाळावर घाम आला.

‘टायर... ड,’ सर म्हणाले.

धाकटा म्हणाला, सर, हा भूतकाळ झाला, आपल्याला विशेषण हवंय. इतकी वर्षं त्यांच्या वर्गात बसून पोरगा कोरडाच राहिला होता. सरांनी डावा हात उचलला, थोरलीकडे बोट केलं आणि पुन्हा तेच म्हटलं.

‘विशेषणच आहे ते,’ थोरली म्हणाली. ‘मी थकलेय रे. पार थकलेय. काही महिने सरांना तू ने.’

धाकट्याने बायकोकडे बघितलं, बायकोने त्याच्याकडे. धाकटा वाईट नव्हता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितल्याशिवाय कळायची त्याला सवय नव्हती, इतकंच. जरा वेळाने म्हणाला, नेतो. भावजय म्हणाली, मागची खोली रिकामी करता येईल, दिवसा एखादी बाई ठेवू. आणि मग धाकट्याने विचारलं, पण सरांचं काय? त्यांची इच्छा नसेल तर मी त्यांना उचलून नेणार नाही. बोलणं रास्त होतं. त्यात एक पळवाटही होती, आणि ती तिथल्या सगळ्यांना दिसत होती.

मग विचारायचं कुणी? धाकटा स्टुलावरून उठला आणि थोरली बसली. सरांना ‘हो का नाही’ विचारण्यात अर्थ नव्हता; त्यांची मान दोन्हीला सारखीच हलायची. तिला एकच रीत ठाऊक होती.

‘सर, विल.’

‘इंग,’ सर लगेच म्हणाले. विलिंग. राजी.

‘आता पुढे “अन” लावायचं, की शब्द तसाच ठेवायचा? तुम्ही सांगाल तसं करू.’

‘अन’ लागलं की झाला नाराज. मग विषय तिथेच संपला असता, आणि उद्या पहाटे ती उठलीच असती.

सरांनी खिडकीबाहेर बघितलं. रविवार होता, फाटक बंद होतं. त्यांचं तोंड उघडलं आणि ‘अ’ असा आवाज निघाला, अगदी स्पष्ट. थोरलीने तो ऐकला. मग सरांनी ओठ मिटले. डाव्या हाताने तिचा हात ओढून घेतला. भिंगं घासायच्या चाकावर सोललेल्या अंगठ्याला तिने पट्टी गुंडाळली होती, ती त्यांनी चाचपली.

‘विलिंग,’ सर म्हणाले. पुढे काही लावलं नाही. मानही हलवली नाही. तिच्या तोंडाकडे बघत थांबले.

उत्तर चुकीचं आहे हे तिला समजत होतं. सर जन्मात पहिल्यांदा जाणूनबुजून चुकले होते, आणि तिने ते खपवून घ्यावं म्हणून वाट बघत होते. चूक सर, पुन्हा करा, असं म्हणायला हवं होतं. पण तेवढं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

‘बरोबर,’ थोरली म्हणाली.