मरियमबीची घंटी

सिद्धांतची धूळपरीक्षा आजवर चुकली नव्हती, निदान त्याचं स्वतःचं तसं म्हणणं होतं. शारजात कुठे जुनी अमेरिकन सायकल खांबाला टेकून गंजताना दिसली, की हा गडी तिच्या सीटवरच्या धुळीत बोटाने फुली मारायचा आणि दोन-तीन आठवड्यांनी परत जायचा. फुली जागेवर असली, तर सायकल बेवारस. मग वॉचमनला विचारायचं आणि उचलून घरी आणायची. याला तो ‘रेस्क्यू’ म्हणायचा. रोज दुबईला जाता-येता ट्रॅफिकमध्ये आयुष्य घालवणाऱ्या माणसाला सायकलचं वेड लागलं तर नवल नाही, पण वेडालाही काही धरबंध असतो. बाल्कनीत कपडे वाळत घालायला जागा उरली नव्हती, आणि त्याची बायको मुग्धा त्यावर भांडून भांडून शेवटी गप्प बसली होती.

शुक्रवारी संध्याकाळी त्याने आणलेली सायकल मात्र सगळ्यांवर वरचढ होती. फुगीर जाड टायर, दांड्यांच्या मधोमध मोटरसायकलसारखी खोटी टाकी, रुंद मडगार्डं. पन्नासच्या दशकातला शिकागोचा माल, तो छातीठोकपणे म्हणाला. ती खांबाला नायलॉनच्या दोरीने बांधलेली होती, पण धुळीतली फुली जशीच्या तशी होती आणि नव्यानेच आलेला वॉचमन म्हणाला, “ले जाओ साब, खलास. इसका कोई नहीं.” सिद्धांतने दोरी कापली. घरी येतो न येतो तोच त्याने चाकं, चेन, हँडल सगळं सुटं केलं आणि चेन रॉकेलमध्ये बुडवली.

“हे बघ ना,” तो मुग्धाला म्हणाला, “अख्खी सायकल गंजलीये, पण घंटी कशी लखलखतेय! याला म्हणतात अमेरिकन क्रोम.”

“कुणीतरी पुसत असेल,” मुग्धा म्हणाली.

“अगं, सीटवर बोटभर धूळ होती. फक्त घंटी कोण पुसत बसेल?”

उत्तराची वाट न बघता तो चेन घासायला बसला.

शनिवारी सकाळी त्याच्या लक्षात आलं, की सायकलच्या कपाळावरचा, हँडलखालचा कंपनीचा पितळी बिल्ला कुठेतरी गळून पडलाय. बिल्ल्याशिवाय सायकल म्हणजे अगदीच ओकीबोकी. तो गाडी काढून, जिथून सायकल उचलली त्या गल्लीत परत गेला. ऑगस्टचं ऊन सकाळीच चटके देत होतं. खांबापाशी लुंगी आणि पांढरी टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ अनवाणी उभे होते. हातात कापलेल्या दोरीचा तुकडा होता आणि ते फोनवर चक्क मराठीत बोलत होते. सिद्धांतला तर आनंदच झाला.

“काका, तुम्ही मराठी?”

“रत्नागिरीकडचा. खैरुद्दीन,” फोन बंद करत ते म्हणाले. “बाबा, हितं सायकल होती. तुला दिसली काय कुठं?”

“तुमची होती?” सिद्धांतचा आवाज एकदम बारीक झाला.

“माझीच. कंपनीतला अमेरिकन साहेब देश सोडताना देऊन गेला. पण सायकलचं जाऊ दे रे. माझी बीबी हरवलीये.” ते खांबाला धरूनच बोलत होते. “मरियमबीच्या आता काय ध्यानात राहत नाही. हितल्या बिल्डिंगी सगळ्या सारख्या. सकाळी पलीकडच्या बेकरीतून खुबूसच्या रोट्या घेऊन येते, तेवढं एक काम मी तिच्याकडनं काढून घेतलं नाही. येताना सायकल दिसली की घंटी वाजवते आणि आत वळते. ती खूण तेवढी राहिलीये तिला. मी वर खिडकीत कान लावून बसतो. आज घंटी वाजलीच नाही. खाली येऊन बघतो तर सायकल नाही. पोलिसांना सांगितलंय, मुलगा अबुधाबीहून निघालाय, पण हे ऊन...”

क्रोम कसलं नि काय! एक म्हातारं बोट रोज त्या घंटीवर पडत होतं, म्हणून ती चमकत होती. सीटला कुणी हात लावत नव्हतं, म्हणून तिथे धूळ होती. आपण धुळीत फुली मारून मारून काय ते बघितलं आणि जे डोळ्यांसमोर चमकत होतं ते बघितलंच नाही. खोटं बोलावं असं क्षणभर त्याच्या मनात आलं, आणि त्याची त्याला स्वतःलाच शिसारी आली.

“काका, सायकल मी नेली. मला वाटलं, बेवारस आहे.”

खैरुद्दीन हातातल्या दोरीच्या तुकड्याकडे बघत म्हणाले, “दोरी बांधली होती ना रे मी.”

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. सिद्धांतने फोन लावला.

“मुग्धा, बाल्कनीतलं हँडल घेऊन ये. घंटीसकट. लोकेशन पाठवतो.”

“नुसतं हँडल? काय झालंय?”

“प्लीज, यल्ला, लवकर! आल्यावर सांगतो.”

मुग्धा हँडल मांडीवर घेऊन टॅक्सीने आली. सगळं ऐकल्यावर तिने नवऱ्याकडे एकदाच बघितलं आणि बेकरीच्या बाजूला शोधायला निघून गेली. सिद्धांत दोन्ही हातांत हँडल धरून, आपल्याकडे घंटागाडी फिरते तसा, घंटी वाजवत गल्लीगल्लीतून चालत सुटला. मागून खैरुद्दीन हाका मारत होते. खिडक्यांतून लोक बघत होते, एक-दोघांनी फोन काढून व्हिडिओही घेतला. लाज वाटायचं भानही त्याला राहिलं नव्हतं. ती सापडू दे, एवढंच त्याच्या मनात होतं.

मरियमबी एका लाँड्रीशेजारच्या पायरीवर बसलेली सापडली. ती बिल्डिंगही हुबेहूब त्यांच्या बिल्डिंगसारखीच होती. मांडीवर खुबूसची पिशवी, ओढणी घामाने चिकटलेली, चेहरा लालबुंद. घंटी ऐकताच ती उठली. खैरुद्दीन “मरियम!” म्हणत पुढे झाले, पण ती त्यांच्याकडे न बघता थेट सिद्धांतपाशी आली. तिने घंटीवर बोट ठेवलं, वाजवली, आणि सवयीने आत वळली. समोर लाँड्रीचं बंद शटर होतं.

ती थबकली. मग सिद्धांतकडे वळून चिडून म्हणाली, “माझं घर कुठं नेलंस रे?”

खैरुद्दीननी तिला पाणी पाजलं, तिचा हात धरला, पण ती हँडल काही सोडेना. शेवटी एक टोक तिने आणि एक सिद्धांतने धरलं आणि सापडल्याचं मुग्धाला फोनवर कळवून तिघं कडेकडेच्या सावलीतून परत निघाले. प्रत्येक दाराशी ती थांबायची, घंटी वाजवायची, आत डोकावायची आणि नाही म्हणून मान हलवायची.

खांबापाशी पोचल्यावर तिने घंटी वाजवली, रिकाम्या खांबाकडे आणि मग स्वतःच्या दाराकडे नीट निरखून बघितलं, आणि तिथेही नाही म्हणून मान हलवली.