बिनहातांची खुर्ची आणि निळा खडू

टाचणी म्हणून एक मुलगी आहे, तिनं मला आपल्या कचेरीत भिंतीकडे तोंड करून ठेवलं आहे. शिक्षा झालेल्या पोराला करतात तसं. वर माझ्या मांडीवर कागदांनी भरलेली तीन खोकी. चौदा महिने झाले. दुसऱ्या कुणाला बसू देत नाही, स्वतः बसत नाही, धूळ झटकायला येते तीही नजर चुकवून. आणि आज दुपारी म्हणे जुनं सामान नेणारा माणूस मला न्यायला येणार आहे. माझ्या पाठीमागे ठरलं सगळं. माझी पाठच तिकडे होती म्हणा.

जायच्या आधी मला जे सांगायचं आहे ते सांगून घेते. मित्रांनो, मी एक जुनी, बिनहातांची लाकडी खुर्ची आहे. माझे हात मोडलेले नाहीत, मला ते मुळात दिलेच नव्हते. शिवणयंत्रावर बसणाऱ्या माणसाची कोपरं मोकळी लागतात, म्हणून. सुतारानं मला एका शिवणाऱ्या बाईच्या मापानं केलं. तिला खोक्यावर बसवून गुडघ्यापासून जमिनीपर्यंत पट्टी लावली आणि विचारलं, "पाठ थोडी तिरकी ठेवू का? आराम पडेल."

बाई म्हणाली, "मी काम करायला बसणार आहे, झोपायला नाही."

सुतारानं पाठ सरळ ठेवली. त्या दिवसापासून मी बाईच्या बाजूची.

शाळेत मी गेले नाही. पुष्कळ खुर्च्या शाळेत जातात आणि ठोकळ्याच्या ठोकळ्याच राहतात. मी शिलाईच्या खोलीत गेले. माणूस कसा बसतो, टाच कशी आपटतो, कधी पुढे सरकतो, यावरून मला त्याच्या मनातलं कळू लागलं. तोंडानं खोटं बोलता येतं. बसताना नाही.

माझ्या बैठकीखाली डाव्या बाजूला सुतारानं एक खोबण कोरली होती. बाईचा निळा खडू तिथे राहायचा. कापडावर खूण करायची झाली की तिचा डावा हात न बघता खाली जायचा आणि खडू घेऊन वर यायचा. एकतीस वर्षं. त्या खोबणीचा लाकडी काठ तिच्या बोटांनी गुळगुळीत झाला आहे.

बाईची जीभ कात्रीसारखी होती. पण कपडे शिवायला आलेल्या माणसावर ती कधी चालवली नाही. एखादी बाई मागच्या वर्षीचा झगा घेऊन यायची, तो पाठीवर मिटत नसायचा, बिचारी लाजेनं अर्धी व्हायची. माझी बाई म्हणायची, "तुम्ही नाही हो सुटलात, हे कापडच आटलंय मेलं. द्या इकडे."

बाईची लेक टाचणी तेव्हा सहा वर्षांची. यंत्राखाली बसून सांडलेल्या टाचण्या वेचायची. अंगानं काडी, आणि तोंड उघडलं की टोचायची, म्हणून आईनंच ते नाव पाडलं. झगावाली गेल्यावर तिनं विचारलं, "आई, तू खोटं का बोललीस? ती जाड झालीय."

"खोटं कसलं? झगा अंगात जात नाही ना? मग चूक झग्याची. माणसाची चूक काढायला सगळं जग मोकळं आहे. आपण कशाला त्यात?"

पोरीनं ते वाक्य टाचणीसारखंच उचललं आणि जपून ठेवलं. पुढे त्याच्यावर आख्खं आयुष्य उभं केलं.

बाईच्या डोळ्यांना बारीक टाका दिसेना तेव्हा यंत्र दुसऱ्या कुणाला गेलं आणि खोली बंद झाली. टाचणी तोवर एका कचेरीत लागली होती. तिच्या कामाला 'यूएक्स डिझायनर' म्हणतात. मला आधी वाटलं, एखाद्या औषधाचं नाव असावं. काम मात्र सोपं आहे सांगायला. फोनच्या पडद्यावर काय कुठे ठेवावं, म्हणजे माणूस अडणार नाही, घाबरणार नाही, हे ती ठरवते.

बाई म्हणाली, "म्हणजे तूही बटणंच लावतेस की! माझी निदान धुतली तरी निघत नव्हती."

टाचणी मला कचेरीत घेऊन गेली. तिथल्या खुर्च्यांना चाकं. तिच्या शेजारी बसणारा चष्मेवाला मला बघून म्हणाला, "अगं, ही कुठल्या संग्रहालयातून उचललीस?"

"तुझ्यापेक्षा जास्त माणसं सांभाळलीत हिनं. चाकाच्या खुर्चीत बसलं की माणूस एकतर साहेब होतो, नाहीतर बावरतो. हिच्यावर तो आपल्या घरी बसल्यासारखा बसेल."

मित्रांनो, माझी मान ताठ झाली. आधीही ताठच होती, पण अजून झाली.

मग माझं दुसरं आयुष्य सुरू झालं. टाचणी आधी कागदावर चित्रं काढायची, दहा काढून नऊ फाडायची. म्हणायची, कागद फाडताना जीव तुटत नाही, म्हणून सुरुवात कागदावर. उरलेलं एक फोनमध्ये उतरलं की माणसं बोलवायची. इमारतीचा रखवालदार, कोपऱ्यावरची भाजीवाली, एक निवृत्त मास्तर, कडेवर मूल घेतलेली एक आई. त्यांना माझ्यावर बसवायची, हातात फोन द्यायची आणि समोर बसून नुसती बघायची. शिकवायची नाही. मदतीला हात पुढे जायला लागले की दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची.

नवीन लागलेल्यांना ती सांगायची, "बोट कुठे घुटमळतं ते बघा. 'छान आहे' या शब्दावर विश्वास ठेवू नका, आपल्याला वाईट वाटू नये म्हणून लोक तसं म्हणतात. तुम्ही बोललात तर ते तुमच्या मदतीनं पुढे जातील, आणि उद्या घरी तुम्ही नसाल. आणि कुणी 'मला जमत नाही' म्हणालं, तर मान खाली घालायची ती आपण."

मास्तर एकदा अडले. ओशाळून म्हणाले, "वय झालं गं माझं."

"नाही सर. हे बटणच लपून बसलंय."

मी ऐकत होते. झग्याची गोष्ट तीच होती, खोली तेवढी दुसरी.

मग दवाखान्याचं अ‍ॅप आलं. घरबसल्या डॉक्टरांकडे नंबर लावायचा, असं काहीसं. टाचणीनं ठरवलं, याला आईसारखी कडक परीक्षक हवी. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी बाई येऊ लागली. चार वर्षांनी ती माझ्यावर बसली. काय सांगू तुम्हाला! मी तिच्याच मापाची.

पहिल्या दिवशी तिनं पडद्याची चंपी केली. "हे काय, पुढे जायचं बटण राखाडी? मेल्याचा चेहरा असतो तसा. आणि तारीख विचारतो, मग वेळ विचारतो, मग परत नाव. दवाखान्यात जाणारं माणूस आधीच हैराण असतं, त्याची उलटतपासणी कशाला?"

टाचणी हसून हसून लोटपोट. सगळं लिहून घेतलं, सगळं बदललं. पडदा सुधारला. सगळ्यांनी वाहवा केली.

तिसऱ्या-चौथ्या शनिवारी बाई तारखेपाशी अडली. टाचणीनं तारीख सोपी केली. नंतर बाई मागे कसं जायचं ते विसरली. टाचणीनं बाण मोठा केला. पुढे बाईनं एकच बटण तीनदा दाबलं. टाचणीनं दाबल्यावर हिरवा रंग येईलसं केलं. दर वेळी बाई चुकायची, दर वेळी पडदा सुधारायचा. ते अ‍ॅप इतकं सोपं झालं, की लोक टाचणीला भाषणाला बोलवायला लागले. ती तिथे सांगायची, "माझी आई माझी सगळ्यात कडक परीक्षक."

मला मात्र दुसरंच जाणवत होतं. बाईच्या टाचेचा ताल गेला होता. ती बसताना आधी हातानं माझी कड चाचपायची, मी आहे ना याची खात्री करायची. जी बाई कामाला बसायची ती आता नुसती टेकायची. मी करकरले. खूप करकरले. चष्मेवाल्यानं माझ्या पायाखाली घडी केलेला कागद घातला.

आणि मग तो शनिवार. बाईच्या हातात फोन होता. तिचा डावा हात हळूच खाली गेला, खोबणीत शिरला, चाचपू लागला. ती म्हणाली, "माझा खडू कुठे गेला? इथेच होता."

टाचणी समोर बसून बघत होती. हात मांडीखाली. तिनं एक हात सोडवला आणि वहीत लिहिलं. लिहिताना पुटपुटली ते मी ऐकलं : "हात खाली जातो. बटण खाली हवं."

पुढच्या महिन्यात बटण खाली आलं. ज्यानं त्यानं कौतुक केलं, अंगठा आता कसा सहज पोचतो म्हणून.

होता होता पडद्यावर एकच बटण उरलं. मोठं, निळं, तळाशी. त्यात चुकण्यासारखं काहीच नव्हतं. त्या शनिवारी बाई बराच वेळ त्या बटणाकडे बघत राहिली. मग फोन मांडीवर ठेवला, समोर बसलेल्या आपल्या लेकीकडे वळली आणि नव्या आलेल्या माणसाशी बोलायच्या अदबीनं म्हणाली, "बसा ना बाई. तुमचं माप घ्यायचं राहिलंय का?"

मित्रांनो, मला हे सांगताना त्रास होतो. टाचणीनं तेव्हाही पहिल्यांदा पडद्याकडे पाहिलं. काय चुकलं आपलं, म्हणून. मग तिनं आईकडे पाहिलं. मांडीखालचे हात बाहेर आले तेव्हा पांढरेफटक पडले होते.

डॉक्टरांकडे काय झालं ते मी तिच्याच तोंडून ऐकलं, ती चष्मेवाल्याला सांगत होती. डॉक्टरांनी विचारलं, "विसरणं कधी सुरू झालं?" तिनं वही पुढे केली. अडीच वर्षांची एकेक चूक, तारीखवार. डॉक्टर पानं उलटत राहिले. म्हणाले, "एवढी चोख नोंद कुणाच्याच घरून येत नाही. हीच वही दोन वर्षं आधी आणली असतीत, तर..." आणि वही परत दिली.

"मी तिला दवाखान्याचं बटण शोधायला लावत होते रे," टाचणी म्हणाली. "तिला दवाखान्यात नेलं नाही."

चष्मेवाल्यानं तिच्यापुढची वही हळूच मिटली.

बाई त्यानंतर माझ्यावर बसली नाही. पुढे वर्षभरानं टाचणी एका सकाळी कचेरीत आली, मला भिंतीकडे फिरवलं आणि वर पहिलं खोकं ठेवलं. मला कुणी काही सांगितलं नाही. पण तिचे पाय फरशीवर कसे ओढत होते त्यावरून कळलं. बाई गेली. एकतीस वर्षं जिला मी उचलून धरलं, तिला शेवटी कुणी टेकवलं, कशावर टेकवलं, मला माहीत नाही. खुर्चीला रडता येत नाही. माझ्या पाठीचा एक सांधा सुटला, तेवढंच.

तेव्हापासून टाचणी कुणाला बोलवत नाही. एकटी बसून पडदे काढते. देखणे असतात म्हणे, दवाखान्याच्या अ‍ॅपचेही तिनं असेच नवे काढले. परवा रखवालदार दाराशी आला. "ताई, त्या अ‍ॅपवर नंबर लागेना हो. बायकोला दाखवायचंय. माझंच डोकं चालत नाही बहुतेक."

पूर्वीची टाचणी तडक उठली असती, म्हणाली असती, तुमचं नाही काका, बटणाचं चुकतंय. ही म्हणाली, "द्या, मी लावून देते." लावून दिला, फोन परत केला. त्याच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. तो 'बरं' म्हणून गेला. ते 'बरं' मला लाकडात लागलं.

हे ऐका, दार वाजलं. सामान नेणारा आला वाटतं.

टाचणी खोकी उतरवते आहे. एक. दोन. तिसरं. तिनं मला फिरवलं. चौदा महिन्यांनी मी तिचा चेहरा पाहिला. वाळली आहे पोर. दारातून तो माणूस विचारतो, "ताई, हीच का? उचलू?"

टाचणी पुढे होते आणि माझ्यावर बसते. मित्रांनो, इतक्या वर्षांत ती माझ्यावर कधी बसली नव्हती. लहानपणी यंत्राखाली, मोठेपणी समोर. आईपेक्षा किती हलकी!

तिचा डावा हात आपोआप खाली गेला आहे. खोबणीत शिरला आहे. आईची बोटं शिवून शिवून जाड झाली होती, ती खोबणीच्या तळातल्या फटीत शिरायची नाहीत. हिची टाचणीसारखी. ती आत, फटीपर्यंत गेली आणि थांबली.

हात वर आला तेव्हा बोटांत निळ्या खडूचा नखाएवढा तुकडा होता.

खोली बंद झाली त्या दिवसापासून तो फटीत सरकून बसला होता. बाकी बरंच चुकत होतं बाईचं, मी नाकारत नाही. पण खडू इथेच होता म्हणाली, तो इथेच होता. कुणीतरी वाकून बघायला हवं होतं, एवढंच.

टाचणी तो मुठीत धरून वाकली आहे. दारातला माणूस पुन्हा म्हणतो, "ताई? उचलू ना?"

"थांबा जरा," ती म्हणते.

आता नाही बोलायचं तर कधी? माझ्या सुटलेल्या सांध्यात, चारी पायांत जेवढी करकर शिल्लक होती तेवढी मी एकवटली. तिला कदाचित नुसती करकर ऐकू गेली असेल. तुम्हाला शब्द सांगते.

"टाचणे, नाक पूस आणि ऐक. आईला तू मारलं नाहीस, ती फुशारकी मारू नकोस. तू तिला अडीच वर्षं बघत होतीस आणि एकदाही विचारलं नाहीस, आई, तू शोधतेस काय? तुझा गुन्हा एवढा, आणि तो माझ्या बाहेर जाण्यानं फिटणारा नाही. माणसाची चूक नसते, हे तुझ्या आईनं तुला बरोबरच शिकवलं. पण बटणापाशी अडलेल्या माणसाला बटणापलीकडेही काहीतरी होत असतं. खाली तो रखवालदार उभा आहे. त्याची बायको आजारी आहे. त्याला वर बोलाव, माझ्यावर बसव, आणि फोन हातात द्यायच्या आधी त्याचं सगळं ऐकून घे. आणि ते हात, पोरी, ते मांडीखालून आधी बाहेर काढ."