खंडेनवमीचे ब्रेक

गिरिजाबाईंच्या मारुतीचा ब्रेक दाबला की तो असा किंचाळायचा, की नवीन जालन्यातल्या त्या गल्लीतली झोपलेली कुत्रीसुद्धा उठून बाजूला व्हायची. लोक हसायचे. हसायला लोकांचं काय जातं? नवरा धर्मराज गेला त्याला दुसरं वर्ष लागलं होतं. बियाण्याच्या प्लॉटांची पाहणी करायचं त्याचं काम कंपनीनं, बरीच का-कू करून, गिरिजाबाईंना दिलं होतं. भोकरदनपासून पार पिंपळगाव रेणुकाईपर्यंतची शेतं, आणि ती काही एसटीच्या रस्त्याला चिकटून नसतात. गाडी होती म्हणून काम होतं, आणि काम होतं म्हणून गिरिजाबाई कुणाच्या दारात हात पसरून उभ्या नव्हत्या.

नेमकं हेच त्यांच्या धाकट्या दिराच्या डोळ्यांत सलत होतं. हा तातेराव अंबडला राहायचा, आणि बाईच्या हातात गाडी म्हणजे माकडाच्या हातात कोलीत, असं चारचौघांत सांगत फिरायचा. नाक्यावरच्या मेकॅनिकला त्यानं बजावून ठेवलं होतं, मला विचारल्याशिवाय वहिनीच्या गाडीला हात लावायचा नाही. मेकॅनिकही बेरकी. गिरिजाबाई गेल्या की तो पुढच्या आठवड्याचा वायदा करायचा.

खंडेनवमीच्या सकाळी तातेरावाचा फोन आला. दुपारी ड्रायव्हर घेऊन येतो आणि गाडी अंबडला नेतो. ब्रेक नसलेल्या गाडीत मरायला निघालात काय, असं तो म्हणाला. गाडी एकदा अंबडला गेली की परत यायची नाही, हे गिरिजाबाईंना पक्कं ठाऊक होतं. पण ब्रेकचं कारण खोटं नव्हतं, आणि तेच त्यांना जास्त झोंबलं. मग कारणच काढून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं.

धर्मराज हे काम घरीच करायचा आणि बॅटरी धरायला त्याला बायको लागायची. नवऱ्याला उजेड दाखवता दाखवता बाईनं सगळं पाहून घेतलं होतं. बदरोद्दीनच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून त्या ब्रेक पॅडचा डबा घेऊन आल्या, मागच्या चाकांना विटा लावल्या, पदर खोचला आणि डाव्या चाकाचे नट पान्यावर पाय देऊन सोडवले. जॅक चढवून चाक काढलं, चकतीला दोन्ही बाजूंनी धरणारा लोखंडी पंजा मोकळा केला. आतले जुने पॅड पाहून त्या दचकल्या. पॅडवरचा चकतीला घासणारा मसाला पार झिजून गेला होता, नुसतं लोखंड लोखंडाला घासत होतं. इतके दिवस आपण यावर रानोमाळ फिरलो, या विचारानं त्यांना मेकॅनिकचा नव्यानं राग आला.

सासू सगुणाबाई ओट्यावर बसून हे सगळं बघत होती. ना हो म्हणाली, ना नाही. सून गाडीपुढे मातीत बसलेली तिला आवडली नसणार, असं गिरिजाबाई धरून चालल्या. डावं चाक झालं, उजवं उघडलं, आणि घोटभर पाणी प्यायला त्या घरात गेल्या.

बाहेर येऊन बघतात तर उरलेले दोन्ही नवे पॅड पितळेच्या ताटात. वर कुंकू, झेंडूची फुलं, आणि खाली गोडं तेल. नुसतं बोट नाही, चांगली पळी उपडी केलेली. मसाल्यानं तेल पिऊनही टाकलं होतं.

"आत्याबाई, काय केलंत हे तुम्ही?"

"धर्मा दरसाली पूजा करायचा," म्हातारी म्हणाली. "तू केली न्हाईस. बिगर पूजेचं लोखंड लावून तू दिवसभर फिरणार, मंग माझ्या घशाखाली घास उतरंल का?"

गिरिजाबाईंच्या ओठांवर फार वाईट शब्द आले होते. ते त्यांनी गिळले, पण राग काही गिळता आला नाही. तो अंगात तसाच धुमसत राहिला, आणि तेवढ्यात तातेराव ड्रायव्हरला घेऊन फाटकातून आत आला.

चाक उघडं, ताटात पॅड, वर कुंकू. तातेरावाला हसू आवरेना. त्यानं ड्रायव्हरलाही हसायला लावलं. मग मोठेपणानं म्हणाला, पुसून बसवा की, तेलानं काय होतं, तेलावर लोखंड नरम चालतं.

"चालतंच, भाऊजी. पण ब्रेकनं चालायचं नसतं, थांबवायचं असतं."

"मंग ही अक्कल तेल लावताना कुठं गेल्ती? कोणी लावलं?"

ओट्यावर म्हातारीची मान खाली गेली.

"मी लावलं," गिरिजाबाई म्हणाल्या. हसायला या माणसाला आणखी एक बाई त्या देणार नव्हत्या.

त्या तडक बदरोद्दीनकडे गेल्या. दुकानातली माणसं पान्यांना हार घालत होती आणि शटर अर्धं खाली आलं होतं. दुसरा डबा मागितल्यावर त्यानं एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता काढून दिला. परत येऊन त्यांनी दिराच्या देखत उजवे पॅड बसवले, चाक चढवलं, नट आवळले. गाडीत बसून पेडल दाबलं तर ते थेट तळाला गेलं. तातेराव ओरडला, बघा, ब्रेकच गेला. गिरिजाबाई दाबत राहिल्या. नवे पॅड बसवताना पंजातला दट्ट्या मागे सरकवला की पहिले काही दाब रिकामे जातात, हे त्यांना माहीत होतं. हळूहळू पेडल पायाला घट्ट लागलं. अंगणातच त्यांनी गाडी दोनदा पुढे-मागे घेतली आणि दोन्ही वेळा ती जागच्या जागी थांबली.

तातेरावानं मात्र फाटक लावून घेतलं आणि तो आडवा उभा राहिला.

"मी फाटक उघडणार न्हाई. बाईनं बसवलेल्या ब्रेकवर जीव कोण टाकील?"

सगुणाबाई ओट्यावरून उतरली. गुडघ्यावर हात देत देत फाटकापाशी आली, पोटच्या लेकाला दंडाला धरून बाजूला केलं आणि त्याच्या जागी, फाटकाला पाठ लावून, स्वतः उभी राहिली.

"गिरजा, आण गाडी."

गिरिजाबाईंना नको म्हणावंसं वाटलं. पण आता नको म्हटलं तर आपणच आपल्या हातावर थुंकल्यासारखं होईल, हेही कळत होतं. त्यांनी पहिला गिअर टाकला, गाडी सावकाश पुढे घेतली आणि ब्रेक दाबला. गाडी मुकाट थांबली. म्हातारीचं लुगडं आणि बंपर यांच्यात हातभर जागा होती, आणि म्हातारीनं डोळेसुद्धा मिटले नव्हते.

"तात्या," ती लेकाकडे वळून म्हणाली, "ते तेल मी लावल्तं, तिनं न्हाई. आता उघड फाटक."

तातेरावानं फाटक उघडलं.